झुल्मिराच्या दारातल्या पाकळ्या

ईस्टरच्या रविवारी सकाळी झुल्मिरा कोबीची पानं चिरत बसली होती. परसात उंच दांड्यावर वाढणारा तो कोबी, त्याची पानं एकावर एक ठेवायची, विडीसारखी घट्ट वळायची आणि केसासारखी बारीक कापायची. जितकी बारीक कापावी तितकं सूप दाट दिसतं, ही तिच्या आईची शिकवण. आईला ती गरिबीनं शिकवली होती. मधल्या तीस वर्षांत झुल्मिराला तिची गरज पडली नव्हती, आता पुन्हा पडू लागली होती.

चूल पाइनच्या सुक्या बोंडांवर धगधगत होती. ती बोंडं टेकडीवरून स्वतःच वेचून आणलेली. गॅसचा सिलिंडर कोपऱ्यात झाकून ठेवला होता. कुणी आलं तर चटकन कॉफी करायला म्हणून. कुणी येत नसल्यामुळे तो नाताळपासून पुरला होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बोटांची नव्हे, तळहाताची.

"अगं ए झुल्मिरा! मेलीस का आत?"

गावात असं दार ठोठावणारी एकच बाई, समोरची बेला मावशी. पूर्ण नाव फेलिस्बेला, वय सत्तरीच्या पुढे, आवाज मात्र विशीतला. झुल्मिरानं सुरी बाजूला ठेवली, ओले हात एप्रनला पुसले आणि दार उघडलं. मावशी केसांना गुंडाळ्या लावून, घरातल्या सपाता घालून उभी होती आणि काखेत वेताची टोपली होती.

"फुलं न्यायला आलेय. माझ्या अंगणात काय उगवतं तुला ठाऊकच आहे. कांदे आणि मांजरं. क्रूस काय कांद्यांवरून आणायचा घरात?"

"न्या की मावशी. झाड पांढरं झालंय नुसतं. लाल पण आहेत पलीकडच्या फांदीला."

"आणि तू?" मावशीनं मान वाकडी करून उंबरठ्याकडे पाहिलं. उंबरठा स्वच्छ धुतलेला होता, पण मोकळा. "तू नाही का घालायचीस फुलं? दहाचा शोभेचा बाण उडाला की निघतील ते क्रूस घेऊन चर्चमधून."

"मी नाही ना इथे. बहिणीकडे जातेय जेवायला. गेल्या वर्षीसारखंच."

"आज बस असते होय गं?"

"भाचा येतोय गाडी घेऊन."

"तोच का, ज्याची गाडी गेल्या महिन्यात विकली म्हणत होतीस?"

झुल्मिरानं हात पुन्हा एप्रनला पुसले. मग म्हणाली, "धाकटा. धाकट्याची आहे."

"बरं बाई, धाकटा तर धाकटा." मावशी झाडाकडे वळली. कॅमेलियाचं ते झाड झुल्मिराच्या नवऱ्यानं, आर्मिन्दोनं, लग्नाच्या वर्षी लावलं होतं. आर्मिन्दो जाऊन नऊ वर्षं झाली. झाड आता कौलांच्या वर गेलं होतं आणि गल्लीतल्या निम्म्या उंबरठ्यांना ईस्टरची फुलं तेच पुरवत असे. दोघींनी मिळून फांद्या वाकवल्या, फुलं खुडली, पाकळ्या मोकळ्या केल्या. टोपली शिगोशीग भरली.

"मावशी, बूड गेलंय टोपलीचं. माझी घेऊन जा."

"गेलंय तर गेलंय. माझंही गेलंय, मी चालते ना?" आणि आपल्याच विनोदावर खिदळत, सपाता फटफटवत मावशी गल्ली ओलांडून गेली.

झुल्मिरानं दार लावलं. आतून कडी घातली. मग रस्त्याकडच्या खिडकीच्या लाकडी फळ्या ओढून घेतल्या. घर अंधारलं. आता तीन-चार तास बाई घरात नव्हती.

*

असं खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती. पण झाकली मूठ म्हणतात ना, तसं. गावात ईस्टरला कुणाच्या घरी क्रूस यावा न यावा हे विचारायची पद्धत नाही. ज्याला हवा तो रस्त्यापासून दारापर्यंत फुलांची वाट घालतो. लाल अंगरखे घातलेली माणसं घंटा वाजवत त्या वाटेनं आत येतात, घरातले सगळे क्रूसाचं चुंबन घेतात, पवित्र पाणी शिंपडलं जातं. मग टेबलाकडे. टेबलावर इस्त्रीची चादर, भरपूर अंड्यांचा मऊ पिवळा केक, साखरेतले बदाम, गोड वाइन, सॉसेजचे काप आणि कोपऱ्यात चर्चसाठी पैशांचं पाकीट. ज्याच्या दारात फुलं नाहीत त्याच्या दारावरून क्रूस मुकाट पुढे जातो. कुणी काही म्हणत नाही. पण दिसतं सगळ्यांना.

कारखाना बंद पडला त्याच्या पुढच्या ईस्टरला झुल्मिरानं हट्टानं सगळं टेबल मांडलं होतं. केक, वाइन, पाकीट, काही म्हणजे काही कमी केलं नाही. माणसं आली, उभ्या उभ्या एक एक घोट घेतला, "छान आहे हो केक" म्हणाली आणि गेली. पुढचा अख्खा महिना तिनं शलगम खाऊन काढला. उकडलेले, परतलेले, सुपातले. त्यानंतर शलगमाचं नाव काढलं तरी तिच्या जिभेला ईस्टर आठवायचा.

त्या बुटांच्या कारखान्यात तिची तीस वर्षं गेली. कातड्याचे कापलेले तुकडे जोडून बुटाचा वरचा भाग शिवायचा हे तिचं काम. टाचेजवळची ती दुहेरी वळणाची शिवण डोळे मिटून घालायची. एका ऑगस्टच्या सुट्टीनंतर सोमवारी बायका कामावर आल्या तर फाटकाला साखळी. मालकाचा फोन बंद. मग बायका फाटकाशीच बसल्या, आतली यंत्रं कुणी गुपचूप हलवू नयेत म्हणून. पाळ्या लावल्या, ताडपत्री ताणली, जुन्या ड्रमवर सार्डिन मासे भाजले. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण झुल्मिराला त्या दिवसांची ओढ लागायची. त्या आठवड्यांत ती एकदाही एकटी जेवली नव्हती.

ती एकटी जेवायला अजून शिकली नव्हती, एवढीच खरी गोष्ट होती. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लांब बाकावर बायका दाटीवाटीनं बसायच्या. डबे एकाच शेगडीवर गरम व्हायचे. शेजारणीच्या डब्याचं झाकण न विचारता उचलायचं, नाक मुरडायचं, आणि मग दोन चमचे खायचेच.

"झुल्मिरा, चण्यात मासा टाकलायस की माशाच्या आठवणी?"

"तुझ्या नवऱ्यानं पकडलेल्यापेक्षा मोठा आहे. सरक जरा, बूड केवढं पसरलंयस!"

ते "सरक जरा". गेल्या तीन वर्षांत तिला कुणी सरक म्हणालं नव्हतं. स्वयंपाकघरात टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची, म्हणजे उरलेल्या तीन दिसत नसत.

त्या बायका आता पांगल्या होत्या. कुणी फ्रान्समध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला, कुणी स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलं झाडायला. तिची स्वतःची मुलगी काटिया लक्झेंबर्गला ऑफिसांच्या काचा पुसायची. झुल्मिरा छप्पन्नची. पेन्शनला तरुण, सुईला म्हातारी. सरकारी भत्ता आधी बरा होता, मग मुदत संपून त्याचा धाकटा भाऊ आला, अंगानं निम्मा. त्यात ती भागवायची. वीज वाचवायला संध्याकाळी चुलीच्या उजेडात बसायची, सॉसेज टांगून ठेवून दर सुपात एकच चकती टाकायची, तीही वासासाठी, आणि काटियाचे जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे मोजे करायची. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. काटकसर हे एक कामच असतं, आणि कामाला ती कधी भ्यायली नव्हती.

भ्यायची ती ग्रामपंचायतीच्या कचेरीला. दर पंधरवड्याला तिथे हजेरी लावायची. आपण इथेच आहोत, पळून गेलो नाही, चोरून कमावत नाही हे दाखवायला. काचेपलीकडे सेन्योर अबीलियो बसलेले असायचे. गोल चेहरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माणूस वाईट नव्हता. पण रांग मोठी, आणि त्यांची नजर कागदावरून वर यायची नाही.

"सगळं तसंच?" ते विचारायचे.

"तसंच," ती म्हणायची.

शिक्का. पुढचा.

त्या खोलीत खुर्ची एकच होती, ती अबीलियोंची.

शिवाय काम शोधल्याचे पुरावे गोळा करायचे. म्हणजे दुकानादुकानातून फिरून "आमच्याकडे काम नाही" असे शिक्के मारून आणायचे. सुरुवातीला तिची मान वर होत नसे. पुढे फरशीच्या दुकानातला फेर्रेरा तिला लांबूनच पाहून ओरडायचा, "काय झुल्मिरा, नकार हवाय का आज?"

"हवाय. ताजा असेल तर द्या, शिळा नको."

मग दोघंही हसायचे आणि तो शिक्क्यावर फुंकर मारून तिच्या हातात कागद द्यायचा. एकदा सरकारनं एका प्रशिक्षणाला पाठवलं. शहरातली एक गोड पोरगी सांगत होती, स्वतःची जाहिरात करायला शिका. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "का हो, आम्ही साबण आहोत का?" झुल्मिरा इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. घरी येताना चढावर लक्षात आलं, ती हसली होती कारण बाक होता, आणि बाकावर शेजारी कुणीतरी बसलं होतं.

*

दहाचा बाण आकाशात फुटला. पाठोपाठ दुसरा. चर्चची घंटा नुसती उधळली.

फोन वाजला. काटिया.

"आई, हॅपी ईस्टर! टेबल मांडलंस?"

"मांडलं की." झुल्मिरा हलक्या आवाजात म्हणाली. बाहेर ऐकू जायला नको.

"एवढी हळू का बोलतेयस?"

"घसा धरलाय जरा."

"केक कुठून आणलास? त्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला नको गं, कोरडा असतो."

"नाही नाही. घरीच केलाय."

"मला इथे वास आला बघ." काटिया हसली. मग थोडं थांबून म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की येते, आई. रजाच नाही दिली मेल्यांनी. घंटा ऐकू येतेय का? फोन जरा खिडकीशी धर ना."

झुल्मिरानं फोन बंद फळ्यांना लावला. घंटेचा बारीक किणकिणाट आता गल्लीच्या टोकाशी आला होता. लेकीनं तो ऐकला. मग काटियाला कामावर जायचं होतं.

फोन ठेवल्यावर झुल्मिरा तिथेच उभी राहिली. फळ्यांच्या फटीतून उजेडाची एक पट्टी तिच्या एप्रनवर पडली होती. आर्मिन्दो होता तेव्हा एक वर्ष क्रूसापुढची घंटा त्याच्याकडे होती. दिवसभर वाजवून हात सुजला, रात्री त्याला चमचा धरता येईना, तिनं भरवलं. स्वतःच्या घरात शिरताना त्यानं घंटा इतकी जोरात हलवली होती की शेल्फवरची बशी खाली आली. त्या आवाजाची तिला भूक लागायची. खरोखरची, पोटात. क्रूस घरात यावा, माणसांच्या बुटांनी फरशी वाजावी, कुणीतरी मोठ्यानं बोलावं. आणि टेबलावर कोबीचं सूप आणि मक्याचा पाव. हे त्यांनी पाहायचं? दरवर्षी क्रूस हाती धरणाऱ्या अबीलियोंनी? सूप पाहिल्यावर, पुढच्या पंधरवड्यात त्यांच्या काचेसमोर ती कुठल्या तोंडानं उभी राहणार?

घंटा पलीकडच्या घरातून बाहेर पडली. पावलं जवळ आली. आता बेला मावशीच्या दारी वळतील, असं तिनं मनात म्हटलं.

वळली नाहीत. पावलं तिच्या पायरीशी आली आणि थांबली. घंटा अगदी दाराला लागून किणकिणली.

"आल्लेलुया! घरात कोण आहे?"

आवाज अबीलियोंचाच. तिनं फटीला डोळा लावला आणि पाहिलं. तिच्या दारापासून, कॅमेलियाच्या झाडाखालून, पांढऱ्या-लाल पाकळ्यांची एक वाट थेट रस्त्यापर्यंत गेली होती. थोडी नागमोडी, मध्येच विरळ, मध्येच दाट. मावशीच्या बूड गेलेल्या टोपलीनं निम्मी फुलं इथेच सांडली होती. आणि ज्या माणसांचा सगळा जन्म फुलं दिसली की आत वळण्यात गेला, ती वळली होती.

तिनं श्वास रोखला. गप्प राहिलं की जातील.

तेवढ्यात समोरून मावशीचा आवाज कडाडला. "अहो अबीलियो! तिकडे कुठे निघालात? घरी नाहीये ती! बहिणीकडे गेलीय, भाचा घेऊन गेला. फुलं माझी आहेत ती, टोपली फुटली माझी! इकडे या, केक वाळतोय!"

"फुलं आहेत म्हणून आलो, मावशी."

"सांगतेय ना, कोणी नाही आत!"

"मग चला, लौरिन्दो," अबीलियो म्हणाले. लौरिन्दो म्हणजे घंटेवाला म्हातारा. तो कुरकुरला, "वरची आळी अख्खी बाकी आहे अजून." पावलं फिरली. घंटा एकदा चुकून वाजली, मग दोन पावलं लांबून वाजली.

फटीतून झुल्मिराला लाल अंगरख्याची पाठ दिसत होती. एक पाकळी त्याच्या काठाला चिकटून चालली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं. तिला काहीच करायचं नव्हतं. मूठ झाकलेली होती, मावशीनंच ती झाकून धरली होती. पुन्हा वर्षभर अंधार करायची गरज नव्हती.

तिचा हात कडीवर गेला. आपण काय करतोय ते तिला कळायच्या आत कडी खाडकन पडली.

"आहे मी," ती म्हणाली. आवाज घोगरा आला. "घरातच आहे."

पावलं थांबली. मग मावशी म्हणाली, "अगं बया!" आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

क्रूस परत फिरला. झुल्मिरा बाजूला झाली. माणसं आत आली, त्यांच्या बुटांनी फरशी वाजली. लौरिन्दोनं बंद खोलीत घंटा हलवली आणि तो आवाज भिंतींवर, भांड्यांवर, कोपऱ्यातल्या सिलिंडरवर आदळून परत आला. अबीलियोंनी क्रूस पुढे धरला. तिनं ओठ टेकले. धातू गार होता, त्याला आधीच्या घरांतल्या अत्तराचा, वाइनचा, लहान मुलांच्या तोंडाचा वास होता. तिनं डोळे लगेच उघडले नाहीत.

पाण्याचे थेंब पडले. आल्लेलुया म्हणून झालं. आणि मग सवयीनं सगळ्यांच्या नजरा टेबलाकडे गेल्या.

टेबलावर चादर नव्हती. चिरण्याची फळी होती, हिरव्या केसांसारख्या कोबीचा ढीग, मक्याचा अर्धा पाव फडक्यात, एक वाडगा आणि एक चमचा. चुलीवर बटाट्यांचं पातेलं खदखदत होतं. पाकीट कुठे नव्हतं.

दारात मावशी येऊन उभी होती, केसांच्या गुंडाळ्या काढायची विसरलेली. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं. "मी... मी माझा केक आणते हं इकडे," ती घाईनं म्हणाली. "दोन घरांचा एकच—"

"नको मावशी." झुल्मिरानं तिच्या हाताला हात लावला. "तुमचा तुमच्याकडे कापा. या आत, सरका जरा, दारात उभ्या नका राहू."

अबीलियो क्रूस धरून घुटमळत उभे होते. कचेरीतल्या काचेशिवाय ते बुटके दिसत होते, आणि अंगरख्याखालचे त्यांचे बूट टाचेशी उसवलेले होते. शिवण दुहेरी वळणाची होती, ती नीट घातलेली नव्हती. त्यांच्या तोंडून नेहमीचेच शब्द निघाले.

"सगळं तसंच, झुल्मिरा?"

त्यांना तिचं नाव माहीत होतं तर.

"तसंच, सेन्योर," ती म्हणाली. मग तिनं भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची फिरवली, बाकीच्या तीन बाहेर ओढल्या, एप्रनच्या टोकानं पुसल्या. कोबीचा ढीग पातेल्यात लोटला. वाफ वर आली. सॉसेजवर सुरी ठेवली आणि एक चकती कापायची ती एक, दोन, तीन, पुढे कापतच राहिली.

"आम्हाला वरच्या आळीत..." लौरिन्दोनं सुरुवात केली. मावशीनं त्याच्या पायावर पाय दिला.

झुल्मिरानं मागे वळून अबीलियोंकडे पाहिलं. कचेरीत कधी पाहिलं नव्हतं तसं, सरळ.

"उभ्या उभ्या जाऊ नका. बसा, आणि माझ्याबरोबर सूप प्या."